सेमूर क्रे : दोन बैल, हजार कोंबड्या आणि आमचा फॉर लूप

शेवटच्या वर्षाला हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग नावाचा एक विषय असतो. नाव ऐकून छाती दडपते, पण प्रॅक्टिकल मात्र अगदी बाळबोध वाटतं. एका भल्यामोठ्या ॲरेतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करायची. अट एकच, मशीनमधले सगळे कोअर कामाला लावायचे.

आमच्या हडपसरच्या लॅबमधल्या पीसीला आठ कोअर. आधी साधा प्रोग्राम चालवला आणि सिस्टम मॉनिटर उघडला. एक कोअर शंभर टक्क्यांवर घामाघूम आणि बाकीचे सात रविवारी दुपारी पारावर बसल्यासारखे निवांत! मग फॉर लूपच्या डोक्यावर ओपनएमपीची ती प्रसिद्ध एक ओळ ठेवली. आठही कोअर शंभरावर गेले. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. पण उत्तर चुकलेलं. परत चालवलं तर वेगळंच चुकलेलं. मग बेरजेच्या ओळीला क्रिटिकलचं कुलूप घातलं. आता उत्तर बरोबर आलं, पण वेळ लागला एका कोअरला लागत होता त्याच्या कितीतरी पट! आठ माणसं लावून काम आणखी हळू झालं.

सबमिशन दोन दिवसांवर. सर मागे येऊन उभे राहिले, स्क्रीन बघितली, हसले. चूक काही सांगितली नाही. सेमूर क्रे कोण होते ते आधी वाचून ये आणि मग लूप दुरुस्त कर, एवढंच म्हणून पुढच्या टेबलाकडे गेले. मला क्रे हे नाव फक्त एका कंपनीचं म्हणून माहीत होतं. त्या रात्री जे वाचत गेलो ते सबमिशनपेक्षा बरंच मोठं निघालं. तेच तुमच्यासमोर ठेवतोय.

तळघरातला मुलगा

सेमूर रॉजर क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा. गाव चिपेवा फॉल्स, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं एक छोटं, थंड, शांत गाव. वडील सिव्हिल इंजिनिअर. मुलाच्या हाताला स्वस्थता नाही हे ओळखून त्यांनी घराचं तळघर त्याच्या उद्योगांसाठी देऊन टाकलं. दहा-एक वर्षांचा असताना या मुलाने मुलांच्या खेळातल्या धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू वापरून एक यंत्र बनवलं. कागदी पट्टीवरची भोकं वाचून ते मोर्स कोडचे संदेश वाजवायचं. विचार करा, १९३५ च्या आसपासची गोष्ट आहे!

१९४३ मध्ये शाळा संपली आणि थेट लष्करात भरती झाली, कारण दुसरं महायुद्ध पेटलेलं. रेडिओचं काम मिळालं. आधी युरोप, मग पॅसिफिक. तिथे जपानी संदेशांची सांकेतिक भाषा उलगडण्याच्या कामाशी त्यांचा संबंध आला. परत आल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि त्यावर १९५१ मध्ये उपयोजित गणिताची मास्टर्स. इलेक्ट्रिकल आणि गणित ही जोडगोळी पुढे आयुष्यभर पुरली.

पहिली नोकरी सेंट पॉल शहरातल्या इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत. अमेरिकन नौदलासाठी संदेश उलगडणारी यंत्रं बनवणारी ही मंडळी. कंपनीचे मालक बदलत गेले आणि वरचे साहेबही वाढत गेले. शेवटी १९५७ मध्ये विल्यम नॉरिस आणि काही इंजिनिअर्स बाहेर पडले व त्यांनी कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन, म्हणजे सीडीसी, काढली. थोड्याच दिवसांत क्रे त्यांच्यात सामील झाले. व्हॅक्युम ट्यूबच्या जमान्यात त्यांनी ट्रान्झिस्टरवर चालणारा सीडीसी १६०४ उभा केला. १९६० मध्ये तो गिऱ्हाइकांकडे पोहोचला आणि नव्या कंपनीला नाव मिळवून दिलं.

चौतीस माणसं

इथे क्रे यांच्या स्वभावाबद्दल सांगायलाच हवं. मिटिंग, अहवाल, पाहुणे या तिन्ही गोष्टींचा त्यांना मनापासून कंटाळा. शेवटी त्यांनी कंपनीला पटवलं आणि प्रयोगशाळा हलवली ती थेट आपल्या गावी, चिपेवा फॉल्सला. मुख्य ऑफिसपासून लांब. साहेबांनासुद्धा सहज डोकावता येऊ नये अशी!

तिथे जिम थॉर्न्टन यांच्या साथीने तयार झाला सीडीसी ६६००. १९६४ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा जगातला सगळ्यात वेगवान संगणक ठरला. आयबीएमच्या तेव्हाच्या सर्वांत दमदार मशीनच्या साधारण तिप्पट वेग. आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन ज्युनिअर इतके हैराण झाले की त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून जाब विचारला. अवघ्या चौतीस माणसांच्या गटाने, ज्यात झाडूवाल्याचीसुद्धा मोजदाद होती, आपल्याला मागे टाकलंच कसं, असा त्या पत्राचा सूर होता.

आता आपल्या विषयाचा धागा पकडू. ६६०० मध्ये मुख्य प्रोसेसर एकच होता. पण त्याच्या पोटात दहा वेगवेगळे विभाग. बेरजेचा वेगळा, भागाकाराचा वेगळा, गुणाकाराचे दोन, वगैरे. गुणाकार चालू असताना बेरीज खोळंबून राहत नसे. शिवाय प्रिंटर, टेप, डिस्क यांची कटकट सांभाळायला दहा छोटे दुय्यम प्रोसेसर बाजूला ठेवलेले, म्हणजे मुख्य गड्याने फक्त गणित करायचं. कामाची वाटणी क्रे यांना कळत नव्हती असं अजिबात नाही. फक्त ती वाटणी त्यांनी हार्डवेअरच्या आत लपवली. प्रोग्राम लिहिणाऱ्याने नेहमीसारखा सरळ प्रोग्राम लिहायचा, डोकेदुखी मशीन बनवणाऱ्याची.

हे वाक्य लक्षात ठेवा. क्रे यांच्या आयुष्याची किल्ली त्यातच आहे.

अपयशाचे दोन धडे

१९६९ मध्ये सीडीसी ७६०० आला, तोही जगात पहिला. पुढचा सीडीसी ८६००. त्यात क्रे यांनी चार प्रोसेसर एकत्र बसवायचं ठरवलं. पण सर्किट इतकी दाटीवाटीने बसवली होती आणि जोड इतके झाले होते की कुठला ना कुठला जोड निसटलेलाच असायचा. सगळं एकदम धड चालेना. क्रे यांना पहिल्यापासून नवी सुरुवात करायची होती, पण कंपनीकडे त्यासाठी पैसा नव्हता, कारण स्टार-१०० नावाचा दुसरा एक महत्त्वाकांक्षी प्रकल्पही चालू होता. भांडण-तंटा न करता क्रे १९७२ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी काढली. कारखाना अर्थातच चिपेवा फॉल्सला!

आता हा स्टार-१०० काय होता ते बघू, कारण माझी लॅबमधली चूक इथेच सापडली. तो व्हेक्टर संगणक होता. म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग घेऊन एकाच हुकमात सगळ्यांवर तीच क्रिया करायची. कागदावर वेग डोळे दिपवणारा, सेकंदाला दहा कोटी क्रिया. पण प्रत्यक्षात निराशा झाली. रांग सुरू व्हायलाच बराच वेळ लागायचा आणि रांगेत न बसणारी साधी कामं तो फार संथ करायचा. खऱ्या प्रोग्राममध्ये अशी साधी कामं भरपूर असतात. मग रांगेची कामं विजेच्या वेगाने उरकून काय उपयोग? बाकीचा वेळ तर साध्या कामातच जाणार.

यामागचं गणित जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं. तोच आपला परीक्षेला हमखास येणारा ॲमडालचा नियम. समजा प्रोग्रामचा निम्मा वेळ वाटता येणाऱ्या कामात जातो आणि निम्मा न वाटता येणाऱ्या. आठ कोअर लावले तर वाटलेला अर्धा भाग एक-अष्टमांश वेळात होईल, पण उरलेला अर्धा तसाच राहील. एकूण वेग वाढेल फक्त पावणेदोन पटीच्या आसपास. नव्वद टक्के काम वाटता आलं तरी आठ कोअरवर ४.७ पट. आणि कोअर लाखभर लावले तरी दहा पटीच्या पुढे जाता येत नाही, कारण ते उरलेलं दहा टक्के काही हलत नाही!

क्रे यांनी हा धडा गिरवून घेतला. रांगेचं काम तर वेगाने व्हायलाच हवं, पण एकेकटं कामही तितक्याच चपळाईने झालं पाहिजे.

पोळ्यांची रांग

त्यातून जन्मला क्रे-१. पहिलं मशीन १९७६ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत गेलं. त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेलच. इंग्रजी सी अक्षरासारखा गोल मनोरा आणि भोवती बसायला गादीचं बाक. ते बाक शोभेचं नव्हतं, खाली वीजपुरवठ्याची यंत्रणा दडलेली होती. आणि गोल आकारही हौस म्हणून नव्हता. क्रे-१ चं घड्याळ ८० मेगाहर्ट्झचं, म्हणजे एक ठोका १२.५ नॅनोसेकंदांचा. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम पावणेचार मीटर जातो, तारेतला सिग्नल त्याहून कमी. म्हणून तारा आखूड हव्यात. गोलाच्या आतल्या बाजूने तारा जोडल्या की अंतर कमी होतं. कुठलीही तार साधारण चार फुटांपेक्षा लांब ठेवली नव्हती. त्या तारा जोडण्याचं काम चिपेवा फॉल्समधल्या बायका हाताने, एकेक तार मोजून करायच्या.

आत काय चालायचं? आपल्याकडच्या लग्नघराचं स्वयंपाकघर आठवा. एकच बाई कणकेचा गोळा करते, लाटते, भाजते, तूप लावते आणि मग दुसरा गोळा घेते, असं केलं तर वऱ्हाड उपाशी राहील. म्हणून एकीने गोळे करायचे, दुसरीने लाटायचं, तिसरीने भाजायचं, चौथीने तूप लावायचं. पहिली पोळी यायला वेळ तेवढाच लागतो, पण मग एकामागून एक पोळ्या पडत राहतात. क्रे-१ मध्ये आठ व्हेक्टर रजिस्टर होते आणि प्रत्येकात ६४ आकडे मावायचे. गुणाकाराच्या विभागातून निघालेला आकडा तसाच गरमागरम बेरजेच्या विभागात जायचा, मधे मेमरीत जाऊन यायची गरज नाही. कमाल वेग सेकंदाला सोळा कोटी क्रिया.

आणि फॉर लूपचं काय? शास्त्रज्ञ आपला नेहमीचा फोरट्रानमधला लूप लिहायचे. कंपायलर सगळ्यात आतला लूप तपासायचा. या फेरीचं उत्तर मागच्या फेरीवर अवलंबून आहे का? नसेल, तर लूपचे ६४-६४ चे गठ्ठे करून व्हेक्टरवर चढवायचे. असेल, तर गुपचूप एकेक करून चालवायचे. पुढची फेरी मागच्या फेरीच्या उत्तराची वाट बघत असेल तर जगातलं कुठलंच यंत्र ती आधी करू शकत नाही. फिबोनाचीची मालिका पायरीपायरीने काढणारा लूप आठवा, म्हणजे पटेल.

अशी ऐंशीच्यावर मशीन विकली गेली. अणुसंशोधन, हवामान, विमानांची रचना, सगळीकडे. मेमरी किती होती माहितेय? आठ एमबी. आज मोबाईलवरचा एखादा फोटो तेवढा भरतो!

बैल की कोंबड्या?

कंपनी मोठी झाली तशी क्रे यांची घुसमट व्हायला लागली. १९८० च्या सुमारास त्यांनी वरची पदं सोडली आणि आपल्याच कंपनीचे कंत्राटदार होऊन पुन्हा डिझाईनच्या टेबलावर जाऊन बसले. फावल्या वेळात घराखाली बोगदा खणायचा हा त्यांचा छंद. खणता खणता अडलेले प्रश्न सुटतात असं ते सांगत.

इकडे त्यांच्याच कंपनीत स्टीव्ह चेन यांनी १९८२ मध्ये एक्स-एमपी बनवला. दोन प्रोसेसर, पुढे चार, आणि सगळ्यांची मेमरी एकच. आता एकच लूप चार प्रोसेसरांत वाटायची सोय झाली. लूपच्या वर एक सूचना लिहायची, की फेऱ्या वाटून द्या. आमच्या प्रॅक्टिकलमधली ती जादूची ओळ याच घराण्यातली बरं का! वेगवेगळ्या कंपन्यांच्या अशा सूचना एकत्र करून १९९७ मध्ये ओपनएमपी हे सामाईक रूप ठरलं.

क्रे यांनी स्वतःसुद्धा १९८५ च्या क्रे-२ मध्ये चार प्रोसेसर बसवले आणि अख्खी सर्किट थंड द्रवात बुडवून ठेवली. पण हजारो छोटे प्रोसेसर जोडण्याची जी टूम तेव्हा निघाली होती, तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. शेत नांगरायला दोन दमदार बैल बरे, की हजारभर कोंबड्या, हा दृष्टांत त्यांच्याच नावावर सांगितला जातो. आपल्या हडपसरकरांना तो वेगळा समजवायला नको. आज जिथे मगरपट्टा सिटीच्या काचेच्या इमारती आहेत तिथे थोड्या वर्षांपूर्वी शेतीच होती. कोंबड्या जुंपून नांगर चालवायचा म्हटलं तर नांगरणीपेक्षा त्यांना ओळीत उभं करण्यातच दिवस जाईल!

हसू नका, अगदी तेच माझ्या लूपमध्ये झालं होतं. पहिल्यांदा कुलूप नव्हतं तेव्हा आठ कोअर एकाच बेरजेच्या डब्यात एकदम हात घालत होते. एकाने जुनी बेरीज वाचली, तेवढ्यात दुसऱ्यानेही तीच वाचली, दोघांनी आपापला आकडा मिळवला आणि परत लिहिलं. एकाचा आकडा गेला वाया. म्हणून दरवेळी वेगळं चुकीचं उत्तर. मग कुलूप घातलं तर आठ जण एका दारापाशी रांगेत. संध्याकाळी सोलापूर रस्त्यावर चार बाजूंनी येणाऱ्या गाड्या गाडीतळाशी एका जागी तुंबतात ना, तसं. रस्ते कितीही असोत, दार एकच!

पुण्यातल्या कोंबड्या

आता गोष्ट थेट आपल्या शहरात येते. १९८० च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी क्रे यांच्या कंपनीचा संगणक हवा होता. अमेरिकेने मोठं मॉडेल द्यायला नकार दिला. बऱ्याच वाटाघाटींनंतर दिल्लीला मिळाला तो एक्स-एमपी-१४, एकाच प्रोसेसरचा, आणि तोही कडक अटींवर. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, प्रमुख डॉ. विजय भटकर. आपला महासंगणक आपणच बनवायचा.

पण बनवायचा कसा? क्रेसारखा दमदार बैल पोसण्याइतकं चिप तंत्रज्ञान आपल्याकडे नव्हतं. बाजारात मिळत होते इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर. एकेकटा ट्रान्सप्युटर क्रेपुढे किरकोळच, पण शेजारच्या ट्रान्सप्युटरशी जोडायच्या तारांची सोय त्याच्या चिपमध्येच होती. तेच जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. म्हणजे बैल नाकारला गेला म्हणून पुण्याने कोंबड्याच शिस्तीत चालवून दाखवल्या!

यात एक फरक समजून घ्यायला हवा. आमच्या पीसीतले आठ कोअर एकाच मेमरीवर बसतात. परममध्ये प्रत्येक प्रोसेसरची मेमरी वेगळी. तिथे नुसता लूप वाटून भागत नाही, डेटाही वाटावा लागतो आणि शेजाऱ्याकडचा आकडा हवा असेल तर निरोप पाठवून मागवावा लागतो. तेव्हाच्या सी-डॅकमधल्या मंडळींनी नुसतं मशीन जोडलं नाही, तर प्रोग्राम या पद्धतीने फोडून लिहायचे कसे तेही शिकून घेतलं. क्रे जी डोकेदुखी हार्डवेअरमध्ये लपवत होते, ती इथे प्रोग्रामरने अंगावर घेतली.

शेवटचं वळण

क्रे मात्र अजून वेगवान बैलाच्याच शोधात होते. क्रे-३ साठी त्यांनी सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइडच्या चिप घ्यायचं ठरवलं. वेग जास्त, पण बनवायला महाकठीण. १९८९ मध्ये क्रे रिसर्चने हा प्रकल्प वेगळा काढला आणि क्रे यांनी कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन थाटली. वर्षं गेली, पैसा गेला. १९९३ मध्ये एकच क्रे-३ एका हवामान संशोधन केंद्रात वापरायला दिला गेला. तोपर्यंत शीतयुद्ध संपून गिऱ्हाइकं आटली होती आणि घरगुती पीसीच्या जातीचे स्वस्त प्रोसेसर दरवर्षी झपाट्याने सुधारत होते. गंमत म्हणजे त्यांच्या जुन्या कंपनीनेही १९९३ मध्ये शेकडो प्रोसेसरांचा टी३डी बाजारात आणला. मार्च १९९५ मध्ये क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन दिवाळखोरीत गेली.

क्रे तेव्हा सत्तरीला टेकले होते. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. यांनी १९९६ मध्ये आणखी एक कंपनी काढली, एसआरसी, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं. आणि या वेळी त्यांनी काय बनवायला घेतलं? अनेक प्रोसेसर जोडलेलं मशीन! फक्त त्यांचं लक्ष होतं ते या सगळ्यांना मेमरीतून आकडे वेळेवर मिळतील का आणि ते एकमेकांशी लवकर बोलतील का, यावर. माझ्या मते हीच त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. चाळीस वर्षं ज्या मताच्या जोरावर जग जिंकलं, ते मत सत्तराव्या वर्षी बाजूला ठेवून नवा कागद घ्यायचा, याला धाडस लागतं. आम्ही तर साधा लूप पुन्हा लिहायचा म्हटलं तरी कंटाळा करतो.

पण ते मशीन त्यांच्या हातून पुरं व्हायचं नव्हतं. २२ सप्टेंबर १९९६ ला कोलोरॅडो स्प्रिंग्सजवळच्या महामार्गावर त्यांच्या जीपला अपघात झाला. ५ ऑक्टोबरला त्यांनी जगाचा निरोप घेतला. वय ७१. त्यानंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेतल्या आस्की रेड या संगणकाने सेकंदाला एक लाख कोटी क्रियांचा टप्पा प्रथमच ओलांडला. त्यात होते हजारो पेंटियम प्रो, म्हणजे पीसीतलेच प्रोसेसर. कोंबड्यांनी शेत नांगरलं होतं.

मग बरोबर कोण?

हा प्रश्न मी सरांना विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून माझं मी शोधलं.

२००४-०५ च्या सुमारास प्रोसेसरचं घड्याळ चार गिगाहर्ट्झच्या आसपास अडकलं. त्यापुढे गेलं तर चिप तापून लाल! तेव्हापासून कंपन्या वेग वाढवण्याऐवजी कोअर वाढवायला लागल्या. दोन, चार, आठ, सोळा. म्हणजे बैल आणखी दमदार करायची सोय संपली. या अर्थी क्रे यांचा रस्ता बंद झाला.

पण ज्या कारणासाठी ते त्या रस्त्याने गेले ते कारण आजही जिवंत आहे. न वाटता येणारं काम तसंच राहतं. मेमरीने आकडे पुरवले नाहीत तर कोअर रिकामेच बसतात. आणि काम वाटायचा खर्च कामापेक्षा मोठा झाला तर वाटणी न केलेली बरी. क्रे असेपर्यंत या तिन्हींचा भार ते स्वतः उचलत होते. आता तो भार आपल्यावर, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यावर आलाय. कोअर विकत मिळतात, ते कामाला लावणं विकत मिळत नाही.

मग मी लूप दुरुस्त केला. कुलूप काढून टाकलं आणि ओपनएमपीचं रिडक्शन वापरलं. प्रत्येक कोअरने आपल्या वाट्याच्या आकड्यांची बेरीज आपल्या स्वतःच्या डब्यात करायची आणि शेवटी फक्त आठ डबे एकत्र करायचे. ॲरेतल्या लाखो आकड्यांसाठी लाखो वेळा रांग लावण्याऐवजी एकदाच. उत्तर बरोबर आणि वेळ खरंच कमी. पण आठ पट काही झाला नाही! पुन्हा सिस्टम मॉनिटर, पुन्हा डोकं खाजवणं. तेव्हा क्रे आठवले. बेरीज हे काम इतकं सोपं आहे की कोअर ते चुटकीसरशी करतो आणि पुढच्या आकड्याची वाट बघत बसतो. आठ तोंडं आणि मेमरीचा नळ एकच. शिवाय फाईलमधून आकडे वाचण्याचं काम एकटा कोअरच करत होता, म्हणजे ॲमडाल साहेब तिथेही हजर! व्हायवाला मी हेच सांगितलं. मार्क किती मिळाले ते विचारू नका, पण सर या वेळी हसले नाहीत, मान हलवली.

जाता जाता एक गोष्ट. जानेवारी २०१८ मध्ये पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, प्रत्युष नावाचा महासंगणक सुरू झाला. मान्सूनच्या अंदाजासाठी. बनावट क्रे कंपनीची, मॉडेल एक्ससी ४०, आणि आत हजारो कोअर. पुढे २०२४ मध्ये त्याच संस्थेत अर्का हा आणखी मोठा महासंगणक आला. म्हणजे एकेकाळी ज्या क्रेसाठी भारताला इतक्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या, त्याच नावाचं मशीन पुण्यात येऊन बसलं, आणि आलं ते बैल म्हणून नव्हे, तर कोंबड्यांचा शिस्तबद्ध थवा म्हणून. पृथ्वीवरच्या हवेचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक कोअरला आपापले चौकोन द्यायचे. शेवटी तोही एक मोठा फॉर लूपच!

तेव्हा ज्युनिअर मित्रांनो, पुढच्या वर्षी हेच प्रॅक्टिकल तुमच्या वाट्याला येईल. जादूची ओळ लिहिण्याआधी एक मिनिट थांबा. फेऱ्या एकमेकींवर अवलंबून आहेत का, सगळे एकाच डब्यात हात घालताहेत का, आणि लूपच्या बाहेर किती काम उरलंय, एवढं कागदावर लिहा. आणि तरीही चुकलं, तर कागद फाडून नवा घ्या. क्रे यांनी सत्तराव्या वर्षी घेतला होता, आपण तर अजून बाविशीचेही नाही!

— अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी